टाकीतला आवाज

चावी फिरवली की टाकीतून दोन-तीन सेकंद बारीक गुणगुण ऐकू येते, हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. भिलाईच्या सुपेला चौकात मोटारसायकल बंद पडली आणि तो आवाज आला नाही, तेव्हा कळलं. टाकी अर्धी भरलेली होती.

त्याच्या लहानपणी पेट्रोल हाताशी असायचं. भिलाईच्या पोलाद कारखान्यातली पहिली झोतभट्टी 1959 साली सुरू झाली. पुढे बाबा विदर्भातून त्या कारखान्यात आले. सेक्टरमधलं क्वार्टर, दारात राजदूत. पहाटे पाळीला निघताना बाबा वाकून टाकीखालचा कॉक उघडायचे, मग किक. वाटेत गाडी गचके खाऊ लागली की न बघता हात खाली जायचा आणि कॉक रिझर्व्हवर यायचा. पेट्रोल आपल्या वजनानंच कार्ब्युरेटरमध्ये उतरायचं.

त्याच्या स्वतःच्या सीडी 100 लाही कॉक होता. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे प्रदूषण मानक लागू झालं आणि नव्या मोटारसायकलींत इंजेक्टर आला, त्याच्या आताच्या गाडीतही. इंजेक्टरला साधारण 3 बार दाब लागतो. नुसत्या उंचीतून एवढा दाब मिळवायचा तर टाकी सुमारे 40 मीटरवर टांगावी लागेल! म्हणून पंप टाकीतच असतो, पेट्रोलमध्ये बुडालेला आणि त्यानंच थंड राहणारा.

पॉवर हाऊसजवळच्या मेकॅनिकनं आधी फ्यूज पाहिला, मग पंपाच्या कपलरला टेस्ट लॅम्प लावला. चावी फिरवताच दिवा क्षणभर पेटला. "करंट आ रहा है काका, पंप गया."

बॅटरीची निगेटिव्ह तार सुटली, टाकी उतरली. पण नव्या पंपाचा कपलर जुन्या वायरिंगला बसेना. तारा चार. रंगांवर त्या पोराचा भरवसा नव्हता. त्यानं फ्लोट वरखाली केला. मल्टिमीटरवरचा आकडा ज्या दोन तारांवर हलला, त्या पेट्रोलच्या काट्याच्या. उरलेल्या दोन पंपाच्या. त्यांत अधिक-उणं उलटं झालं तर मोटर फिरते, पण उलटी; दाब काही चढत नाही. पंप नव्या ओ-रिंगसह बसवून टाकी दूर नेल्यावरच त्यानं सोल्डरिंग आयर्न तापवलं. सांधे टाकीबाहेरच्या तारेत घेतले, त्यांवर स्लीव्ह चढवल्या.

संध्याकाळी घरी येताच बाबांनी सवयीनं टाकीखाली हात घातला. कॉक नव्हता. हल्ली त्यांना ऐकू कमी येतं. त्यानं त्यांचा तळहात टाकीवर ठेवला आणि चावी फिरवली.