अण्णांची बेरीज का चुकली?

आजचा लेख सुरुवातीला आरोग्याचा वाटणार नाही, पण थोडं थांबा, तो तुमच्या रक्ततपासणीपर्यंत येणार आहे. ज्यांच्याबद्दल लिहितो आहे त्यांनी परवानगी दिली आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

दर रविवारी संध्याकाळी दवाखान्याच्या वरच्या खोलीत आम्ही चौघं लढाई खेळतो. एक इतिहासाचे प्राध्यापक, एक तरुण इंजिनिअर, बँकेतून निवृत्त झालेले अण्णा आणि मी. टेबलावर पुठ्ठ्याच्या टेकड्या, आणि दिवाळीच्या किल्ल्यासाठी कुंभारांकडे मिळतात ते मातीचे मावळे. फूटपट्टीने अंतर मोजायचं, फासे टाकायचे आणि सैन्य पुढं सरकवायचं. हा काही पोरखेळ नाही. १८२४ साली प्रशियातल्या राइसविट्झ नावाच्या लेफ्टनंटने असाच खेळ सैन्याधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी मांडला. पुढे एच. जी. वेल्स या लेखकाने १९१३ मध्ये घरी खेळता येईल अशा लढाईच्या नियमांचं पुस्तक काढलं.

या खेळाचा गाभा म्हणजे सैन्याची यादी. प्रत्येक तुकडीला तिच्या ताकदीप्रमाणे गुण असतात. दोन्ही बाजूंना समजा ५०० गुण दिले, तर त्या बजेटमध्ये घोडदळ किती, पायदळ किती, हत्ती घ्यायचा की तोफ, हे तुम्ही ठरवायचं. आमच्या हाती आलेल्या नियमांच्या पुस्तकांत युरोपातली सैन्यं भरपूर होती. आम्हाला मात्र खेळायची होती कोल्हापूरची लढाई: २८ डिसेंबर १६५९, अफझलखानाच्या वधानंतर जेमतेम सात आठवड्यांनी झालेली. एकीकडे शिवाजी महाराज आणि नेताजी पालकर, दुसरीकडे रुस्तुमेजमान आणि अफझलखानाचा मुलगा फाजलखान. मग याद्या आम्हीच करायला घेतल्या.

त्यात जी मजा आली ती खेळण्यातही नाही. प्राध्यापक पुस्तकं काढून बसायचे, इंजिनिअर फाशांची गणितं मांडायचा. मी जखमी तुकडी किती वेळात सावरेल यावर बोलायचो. अण्णांकडे हिशेब. एकदा वाद निघाला, बारगीर आणि शिलेदार यांना सारखे गुण द्यायचे का? बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारचं, शिलेदाराचा घोडा स्वतःचा. अण्णा म्हणाले, "वो डॉक्टर, शिलेदाराचं स्वतःचं भांडवल अडकलंय. घोडा मेला तर त्याचं दिवाळं. तो जपूनच लढणार की!" पस्तीस वर्षं कर्जाचे अर्ज तपासलेल्या माणसाचं ते म्हणणं आम्ही लगेच यादीत घेतलं. शिलेदारांची तुकडी नुकसान झालं की लवकर मागे फिरेल, असा नियम झाला.

बेरीज चुकू लागली

गेल्या वर्षी पावसाळ्यात अण्णांच्या याद्या बिघडायला लागल्या. ५०० ची म्हणून आणलेली यादी ५४० ची निघाली. पुढच्या रविवारी ४७० ची. इंजिनिअर म्हणाला, "अण्णा, आदिलशहाकडनं काही घेतलंय काय?" सगळे हसलो. मीही हसलो. शिलेदारांचा मुद्दा त्यांनी पुन्हा नव्यानं मांडला, जणू कधी बोललोच नव्हतो. चूक दाखवली की चिडायचे. पूर्वी कधी चिडत नसत.

हे दोन महिने चाललं. समोर रुग्ण म्हणून कुणी आला असता तर दहा मिनिटांत मी चार प्रश्न विचारले असते. मित्राच्या बाबतीत "वय झालं" म्हणून सोडून दिलं. याची टोचणी मला अजून आहे.

एके रविवारी जिना उतरताना अण्णांच्या पायातली चप्पल निसटली आणि ते तसेच दोन पायऱ्या खाली गेले. त्यांना कळलंच नाही. तिथं मात्र माझ्यातला डॉक्टर जागा झाला. विचारलं, "पायाला मुंग्या येतात का?" म्हणाले, "वर्षभर येतायत. शुगरमुळं असंल म्हणून बोललो नाही."

कारण काय निघालं

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना दवाखान्यात बोलावलं. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन अकरा वर्षं चालू. ॲसिडिटीची गोळी दुकानातून आणून रोज सकाळी, तीही कित्येक वर्षं. शिवाय अण्णा माळकरी. तांबड्या-पांढऱ्याच्या गावात शुद्ध शाकाहारी, आणि दूध फक्त चहापुरतं. हिमोग्लोबिन जवळजवळ ठीक होतं, थायरॉईड ठीक, पण बी-१२ जीवनसत्त्व ११८ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर. साधारणपणे २०० च्या खाली आम्ही कमतरता धरतो.

हे कसं होतं ते समजून घ्या. बी-१२ मुख्यतः मांस, मासे, अंडी आणि दुधातून मिळतं. अन्नातून ते मोकळं व्हायला पोटातलं आम्ल लागतं. मग जठरात तयार होणारं एक प्रथिन त्याला धरतं आणि लहान आतड्याच्या शेवटच्या भागात ते शोषलं जातं. ॲसिडिटीची गोळी आम्ल कमी करते. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यास शोषणात अडथळा येऊ शकतो. आणि आहारातच कमी असेल तर तिन्ही बाजूंनी कोंडी. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, म्हणून त्रास हळूहळू आणि उशिरा दिसतो.

बी-१२ मज्जातंतूंच्या आवरणासाठी लागतं. ते कमी पडलं की मुंग्या, तोल जाणं, विसराळूपणा, चिडचिड, जीभ लाल होऊन झोंबणं असं काहीही होऊ शकतं. लक्षात ठेवा, हिमोग्लोबिन चांगलं असूनही नसांचं नुकसान चालू असू शकतं. म्हणून "रक्त भरपूर आहे" एवढ्यावर निर्धास्त राहू नका.

अण्णांना आधी इंजेक्शनं दिली, नंतर गोळ्या सुरू केल्या. मेटफॉर्मिन बंद केलं नाही, त्याची गरज होती. ॲसिडिटीची गोळी मात्र टप्प्याटप्प्यानं थांबवली. तीन-चार महिन्यांत चिडचिड गेली, हिशेब बराच सुधारला. पायाचा बधिरपणा पूर्ण गेला नाही, कदाचित जाणारही नाही. दोन महिने आधी विचारलं असतं तर किती फरक पडला असता, हे मी सांगू शकत नाही.

तुम्ही काय कराल?

विसरणं म्हणजे लगेच स्मृतिभ्रंश नव्हे. बी-१२, थायरॉईड, नैराश्य, कमी ऐकू येणं, झोपेच्या गोळ्या, डोक्याला लागलेला मार अशी उपचार होऊ शकणारी कारणं आधी तपासावी लागतात. मेटफॉर्मिन चार-पाच वर्षांहून जास्त चालू असेल, ॲसिडिटीची गोळी रोजची झाली असेल किंवा तुम्ही शाकाहारी असाल, तर डॉक्टरांना बी-१२ बद्दल विचारा. कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका आणि इंजेक्शनंही स्वतःहून घेऊ नका.

दुसरं म्हणजे, चार माणसांत बसून काहीतरी करत राहा. भजनी मंडळ असो, पत्ते असोत की आमच्यासारख्या याद्या. अण्णा एकटे घरी बसले असते तर त्यांची बेरीज चुकते हे कुणाला कळलं असतं? आणि तुमच्या कट्ट्यावरचा कुणी नेहमीसारखा वागत नसेल, तर आमच्यासारखं हसून सोडू नका. बाजूला घेऊन विचारा.

गेल्या रविवारी अण्णांनी आदिलशाही सैन्याची नवी यादी आणली. मी मुद्दाम बेरीज केली. बरोबर ५०० होती. ते म्हणाले, "तपासा, तपासा डॉक्टर. आता दर वेळी तपासत जा."