वहींत न लिहिलेली ओळ

आमच्या मंडळींत प्रभुभोजनाचा विधि महिन्याच्या पहिल्या रविवारीं होतो. त्यापूर्वीं प्रत्येकानें स्वतःची परीक्षा करावी, अशी पौलाची करिंथ येथील मंडळीस आज्ञा आहे. परीक्षा हा शब्द आम्हां शिक्षकांच्या नित्य परिचयाचा. परंतु आम्ही बहुधा परीक्षकाच्या खुर्चीवर बसतों! ह्या परीक्षेंत परीक्षक आणि परीक्षार्थी एकच असल्यामुळें गुण उदार हातानें पडतात.

तरुणपणीं एका वृद्ध पाळकसाहेबांच्या सांगण्यावरून मीं एक वही ठेविली. रोज रात्रीं प्रार्थनेपूर्वीं दिवसाचे दोष तींत लिहावयाचे. 'आज रागावलों.' 'आज शेजाऱ्याची निंदा आवडीनें ऐकली.' बारा वर्षांत अशा सात वह्या भरल्या. त्या कपाटांत ओळीनें लावतांना मला मोठें समाधान वाटे. ह्या समाधानाची नोंद मात्र एकाही वहींत नाहीं.

सन २०१६ च्या पावसाळ्यांत इयत्ता आठवीचे निबंध तपासतांना एका मुलाचा निबंध मला फारच सरस वाटला. विषय होता 'आमची विहीर'. मुलगा वसतिगृहांतला, मागच्या बाकावरचा, शुद्धलेखनांत कच्चा. हें लेखन ह्याचें नव्हे, असें मीं मनाशीं ठरवूनच टाकलें व सर्व वर्गादेखत विचारलें, "कोठून उतरून काढलास?" तो म्हणाला, "माझाच हाय, गुरुजी." वर्ग हंसला. मीं शून्य गुण दिले. त्या रात्रीं वहींत लिहिलें, 'आज वर्गांत थोडा कठोर झालों.'

तीन आठवड्यांनीं त्याचे वडील फी भरण्यासाठीं आले. बोलतां बोलतां विहिरीची गोष्ट निघाली. सुरुंगांत गेलेलीं चुलत्याचीं दोन बोटें, चाळीस फुटांवर लागलेला पाझर, तें पहिलें गढूळ पाणी आजीनें कपाळास लावलें तें, सर्व निबंधांत होतें तसेंच! "सुटींत पोरगं सारखं विचारीत होतं, गुरुजी. कसा झाला त्याचा निबंध?" मुलानें घरीं कांहींच सांगितलें नव्हतें. "चांगला झाला," एवढेंच मीं बोललों.

त्या रात्रीं मीं दीड पान लिहिलें, गुडघे टेकून रडलों, आणि मन हलकें झालें. सकाळीं वर्गांत जाऊन समास शिकविले. मागच्या बाकाकडे पाहिलें नाहीं.

त्याच सुमारास पंडिता रमाबाईंची १९०७ सालची साक्ष मी पुन्हां वाचीत होतों. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें झाला. पुढें सुमारें आठ वर्षांनीं त्यांच्या ध्यानांत आलें कीं, आपणांस ख्रिस्ती धर्म लाभला, परंतु ख्रिस्त अद्याप लाभला नाहीं. हें त्यांनीं लिहिलें तेव्हां केडगांवचें मुक्तिसदन दुष्काळांतून वांचविलेल्या शेंकडों स्त्रियांचा आधार झालें होतें. बाई गप्प राहत्या तर त्यांना कोण विचारणार होतें? पण ज्यांचा आपल्यावर विश्वास, त्यांच्यापुढेंच त्यांनीं तें मांडलें. माझी कबुली मात्र कुलुपांत होती. ज्याचा अपराध केला तो सोडून मीं ती देवाला सांगितली होती. आणि वेदीपाशीं अर्पण ठेवून आधीं भावाशीं समेट करावा, हा प्रभूचा उपदेश मीच पवित्र शास्त्राच्या तासाला शिकवीत होतों!

पहिला रविवार आला. भाकरीचें ताट माझ्यापुढें आलें तें मीं तसेंच पुढें दिलें. पत्नीनें माझ्याकडे पाहिलें. ती कांहीं बोलली नाहीं.

सोमवारीं हजेरी घेतल्यावर मीं वर्गास सांगितलें, "तुमच्यादेखत मीं ह्याच्यावर खोटा आळ घेतला. निबंध ह्याचाच आहे. मी त्याची क्षमा मागतों." हात कांपत होते, म्हणून मीं ते टेबलावर टेकले. मग त्यास निबंध वाचावयास सांगितला. तो अडखळत वाचूं लागला. कोणी हंसलें नाहीं.

तास संपल्यावर तो दाराशीं घोटाळत उभा राहिला. "गुरुजी, त्या शून्याचं काय?"

मीं गुणपत्रक काढून वीसपैकीं पंधरा लिहिले. पांच शुद्धलेखनाचे कापले. ते त्यालाही मान्य होते.