क्रूझला निघताय? बुकिंगआधी या प्रश्नांची उत्तरं मिळवा

दिल्ली, नोएडा किंवा गुरुग्राममध्ये राहणाऱ्यांना सुट्टी म्हटलं की आधी पहाड आठवतो. मसुरी, नैनिताल, मनाली ही ठिकाणं रात्रभराच्या प्रवासावर आहेत. मुंबईचा समुद्र मात्र सुमारे १,४०० किलोमीटर लांब. म्हणूनच क्रूझची जाहिरात मोबाइलवर दिसली की घरातल्या सगळ्यांचे डोळे चमकतात. मुलांना स्विमिंग पूल दिसतो, आईला स्वयंपाकातून सुटका दिसते, बाबांना बिल दिसतं आणि आजी-आजोबा विचारतात, ‘‘बोट लागली तर?’’

यातला एकही प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. क्रूझ म्हणजे तरंगतं हॉटेल खरं, पण या हॉटेलातून मध्येच उठून घरी येता येत नाही. त्यामुळे चौकशी आधीच करायची असते.

सुरुवात कुठून करावी?

पहिल्याच वेळी सिंगापूर किंवा युरोप गाठायची गरज नाही. आपल्या मुंबईतूनच क्रूझ सुटतात. कॉर्डेलिया क्रूझेसचं ‘एम्प्रेस’ हे जहाज सप्टेंबर २०२१ पासून भारतीय किनाऱ्यावर सफरी करतंय. १९९० मध्ये बांधलेलं हे ११ मजली जहाज आधी रॉयल कॅरिबियन कंपनीकडे होतं. मुंबईहून गोव्याच्या दोन-तीन रात्रींच्या आणि लक्षद्वीपच्या चार-पाच रात्रींच्या सफरी पहिल्या अनुभवासाठी पुरेशा असतात. वेळापत्रक मोसमानुसार बदलतं, म्हणून तारखा कंपनीकडूनच पक्क्या करून घ्या.

सरकारनेही या क्षेत्राकडे लक्ष दिलंय. ३० सप्टेंबर २०२४ ला मुंबईत ‘क्रूझ भारत मिशन’ सुरू झालं. २०२९ पर्यंत देशातल्या क्रूझ प्रवाशांची संख्या दुप्पट करण्याचं त्याचं उद्दिष्ट आहे. मुंबईच्या इंदिरा डॉकमधल्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झालं.

समुद्राचीच भीती वाटत असेल तर आणखी छोटी परीक्षा घ्या. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट जाते. २०२० मध्ये सुरू झालेल्या या बोटीत गाडीसकट बसता येतं आणि तासाभरात पलीकडे पोहोचता येतं. कुणाला बोट लागते आणि कुणाला नाही, हे थोडक्या पैशांत कळतं. लाटाच नकोत असं म्हणणाऱ्यांसाठी नदीची क्रूझही आहे. वाराणसीहून दिब्रुगडला जाणारी ‘गंगा विलास’ १३ जानेवारी २०२३ ला निघाली, तेव्हा ५१ दिवसांत सुमारे ३,२०० किलोमीटरचा पल्ला ठरला होता. जहाजात ३६ प्रवाशांचीच सोय असल्याने खिसा मात्र चांगलाच जड लागतो.

दिल्लीहून किती आधी निघावं?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि नेमका हाच कुणी विचारत नाही. जहाज कुणासाठी थांबत नाही. चेक-इन जहाज सुटण्याच्या बऱ्याच आधी बंद होतं. तुम्ही टॅक्सीत अडकलेले असाल, तर दोन महिने आधी भरलेले पैसे डोळ्यांदेखत समुद्रात निघून जातात. पुढच्या बंदरावर जहाज गाठायचं तर परवानगी कंपनीची आणि खर्च आपला.

क्रूझचा चांगला मोसम आणि दिल्लीतलं धुकं एकाच वेळी येतात. डिसेंबर-जानेवारीत विमानं तासन्‌तास उशिरा सुटतात, गाड्या तर अर्धा-अर्धा दिवस रखडतात. सकाळच्या विमानाने मुंबई आणि दुपारी क्रूझ, असा हिशेब या दिवसांत अजिबात करू नका. आदल्या दिवशी मुंबईत पोहोचा. नातेवाईक असतील तर त्यांच्याकडे, नाहीतर फोर्ट परिसरात एक रात्र काढा. हजरत निजामुद्दीनहून सुटणारी सीएसएमटी राजधानी सोयीची, कारण सीएसएमटीहून बॅलार्ड पिअर टॅक्सीने अगदी जवळ आहे. परतीचं विमानही जहाज लागल्यानंतर पुरेसा वेळ सोडूनच घ्या. जहाजालाही उशीर होऊ शकतो.

तिकिटात नेमकं काय येतं?

जाहिरातीतला आकडा बहुतेक वेळा एका माणसाचा असतो, तोही एका केबिनमध्ये दोघं राहतील असं धरून. एकट्याने जाणाऱ्याला त्याच केबिनसाठी जवळजवळ दुप्पट पैसे पडू शकतात. भाड्यावर बंदराचं शुल्क, जीएसटी आणि कर्मचाऱ्यांसाठीची सेवा रक्कम वेगळी लागते. त्यामुळे एजंटला एकच वाक्य विचारा, ‘‘सगळं धरून, चौघांचे मिळून किती?’’ उत्तर लेखी घ्या.

साधारणपणे केबिन, मुख्य रेस्टॉरंटमधलं जेवण, पूल आणि बरेचसे कार्यक्रम भाड्यात येतात. दारू, शीतपेयं, खास रेस्टॉरंट, स्पा, वाय-फाय, बंदरावरच्या सहली यांचे पैसे वेगळे. जहाजावर रोख रक्कम चालत नाही, सगळं केबिनच्या कार्डावर चढतं. हातातून नोट जात नसल्याने खर्च जाणवत नाही. रोज रात्री रिसेप्शनवर किंवा ॲपमध्ये हिशेब बघायची सवय ठेवा. मुलांच्या कार्डावर खर्चाची मर्यादा घालता येते का, हेही विचारा.

केबिनचे साधारण चार प्रकार असतात. खिडकी नसलेली इनसाइड सगळ्यात स्वस्त, मग समुद्र दिसणारी, मग बाल्कनीची आणि शेवटी स्वीट. दिवसभर डेकवर राहणार असाल तर इनसाइड केबिन पुरते. पण आजोबा दुपारभर खोलीत पडून राहणार असतील, तर त्यांना खिडकी हवीच. तिथे पैसे वाचवू नका.

बोट लागली तर?

मोठ्या जहाजाला दोन्ही बाजूंना स्थिरता देणारे पंख असतात, त्यामुळे हेलकावे लहान बोटीइतके जाणवत नाहीत. तरीही खबरदारी घ्या. जहाजाच्या मधल्या भागात आणि खालच्या मजल्यावर डोलणं सगळ्यात कमी असतं, केबिन तिथली मागा. अस्वस्थ वाटू लागलं की मोबाइल बाजूला ठेवा, डेकवर या आणि लांब क्षितिजाकडे बघत राहा. पोट रिकामं ठेवू नका, तुडुंबही भरू नका. पर्समध्ये आलेपाकाच्या वड्या असू द्या. उलटीची गोळी घ्यायची तर ती त्रास सुरू होण्याआधी घ्यावी लागते. रक्तदाब, मधुमेह, काचबिंदू असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये.

मोसम नीट निवडणं हा खरा उपाय. जून ते सप्टेंबर अरबी समुद्र खवळलेला असतो. पावसाळ्यात गेटवे ते मांडवा लाँचही बंद ठेवतात. किनाऱ्यावरच्या लोकांनी हा धडा फार मोठी किंमत देऊन शिकलाय. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वादळी पावसात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. कोकणातल्या जुन्या घरांत हे नाव अजून हळू आवाजात घेतात. घरातलं कुणी ज्येष्ठ समुद्राला घाबरत असेल तर त्यांना हसू नका. आजच्या जहाजावर लाइफबोटी, रडार, उपग्रह संपर्क काय काय असतं ते त्यांना दाखवा, समजावून सांगा.

पहिल्याच तासात काय करायचं?

जहाजावर पाऊल ठेवलं की सगळे बुफेकडे धावतात. पण त्या दिवशी सुरक्षेची एक कवायत होते, तिला मस्टर ड्रिल म्हणतात. धोक्याचा इशारा म्हणजे भोंग्याचे सात छोटे आणि एक लांब आवाज. तो ऐकला की कुठे जमायचं, लाइफ जॅकेट कसं बांधायचं, हे त्यात शिकवतात. १३ जानेवारी २०१२ ला इटलीजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकाला धडकून कलंडलं आणि ३२ जणांचा जीव गेला. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत तोवर झालीच नव्हती, कारण तेव्हाच्या नियमाप्रमाणे ती २४ तासांत घेतली तरी चालत असे. त्यानंतर नियम बदलला. आता जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्याबरोबर कवायत घ्यावी लागते. ‘सेल्फी नंतर, कवायत आधी’ असं मुलांना बजावून ठेवा. सगळं कुटुंब एका जागी जमेल याची खात्री करा. चुकामूक झाली तर कुठे भेटायचं, तेही ठरवून ठेवा.

आजी-आजोबा, बाळ आणि गरोदर स्त्रिया

बहुतेक मोठ्या कंपन्या सहा महिन्यांच्या आतलं बाळ घेत नाहीत. सलग अनेक दिवस समुद्रात राहणाऱ्या सफरीसाठी ही अट वर्षाची असते. सफर संपेपर्यंत गरोदरपणाचे २४ आठवडे पूर्ण होत असतील तर प्रवेश नाकारतात. त्याआधीच्या महिन्यांतही डॉक्टरांचं पत्र मागतात. जहाजावर डॉक्टर आणि छोटा दवाखाना असतो, पण तो मोठं हॉस्पिटल नव्हे आणि मोफतही नसतो. म्हणून प्रवास विमा काढाच. आधीपासूनचे आजार त्यात धरलेत का, ते वाचा.

व्हीलचेअर लागत असेल तर रुंद दाराच्या केबिन मोजक्याच असतात, बुकिंग करतानाच सांगा. चेक-इनला मोठ्या बॅगा आपल्याकडून घेतात आणि त्या केबिनमध्ये काही तासांनी येतात. औषधं, चष्मा, ओळखपत्र आणि बाळाचे कपडे त्यामुळे हातातल्या पिशवीतच ठेवा.

लक्षद्वीपसारख्या ठिकाणी मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. ते खोल पाण्यात उभं राहतं आणि लहान बोटीतून बेटावर नेतात. गुडघे दुखणाऱ्यांना हे चढणं-उतरणं जड जातं. समुद्र तापलेला असेल तर कप्तान बेटावर उतरणं रद्द करू शकतो आणि तिकिटाच्या अटींत ते आधीच लिहिलेलं असतं. गोव्यात जहाज मुरगावला लागतं. तिथून पणजी तासाभरावर आहे, म्हणून एकाच दिवसात सगळा गोवा बघायचा बेत नको.

कागदपत्रं कोणती लागतात?

देशातल्या सफरीसाठी लहानमोठ्या सगळ्यांचं सरकारी ओळखपत्र लागतं. लक्षद्वीपला जायला भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो. क्रूझ कंपनी तो काढून देते का, विचारून घ्या. परदेशी सफरीसाठी पासपोर्ट किमान सहा महिने शिल्लक असावा. इथे अनेकजण फसतात ते व्हिसाच्या प्रकारात. एका देशातून निघून दुसऱ्या देशाचं बंदर करून जहाज परत पहिल्या देशात येत असेल, तर तिथे तुमचा दोनदा प्रवेश होतो. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर दुसऱ्या वेळी अडचण येते.

बॅगेत काय नको?

इस्त्री, इलेक्ट्रिक किटली, एक्स्टेंशन बोर्ड, मेणबत्ती, निरांजन, उदबत्ती यातलं काहीही चालत नाही. जहाजावर सगळ्यात मोठी भीती आगीची असते. घरचं शिजवलेलं खाणंही बहुतेक कंपन्या चढू देत नाहीत, तेव्हा पुरणपोळ्यांचा डबा मुंबईच्या मुक्कामातच संपवा. शाकाहारी आणि जैन जेवण हवं असेल तर बुकिंगमध्येच नोंदवा.

मोबाइलबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. किनारा दूर गेला की नेहमीचं नेटवर्क जातं आणि फोन जहाजाचं उपग्रह नेटवर्क पकडू शकतो. त्याचं रोमिंग फार महाग असतं. बंदर सुटलं की घरातले सगळे फोन फ्लाइट मोडवर टाका. वाय-फायचं पॅकेज हवं तर एकासाठीच घ्या. घरी राहिलेल्यांना आधीच सांगून ठेवा, ‘‘दोन दिवस फोन लागला नाही तर घाबरू नका.’’

आणि जहाजावर पोहोचल्यावर एक काम नक्की करा. तुमच्या घरात कोकणातली आजी असेल तर तिला डेकवर खुर्ची द्या आणि जुन्या कोकण बोटीबद्दल विचारा. मुंबईहून निघालेली ती बोट हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला करत पणजीपर्यंत जायची. ठिकठिकाणी बोट समुद्रातच उभी राहायची आणि माणसं ट्रंका-वळकट्यांसकट पडावात उतरायची. आज नातवंडं ज्याला क्रूझ म्हणतात, तो प्रवास तिने माहेरी जाण्यासाठी केलेला असेल. रस्ता तोच, किनारा तोच. त्या संध्याकाळी जहाजावरचा सगळ्यात चांगला कार्यक्रम कदाचित तिच्याच खुर्चीशेजारी रंगेल, आणि त्याचे पैसे कार्डावर चढणार नाहीत.