मधल्या पिढीचा कागद

पालघर जिल्ह्यातल्या जामसर, जव्हार, मोखाडा या पट्ट्यात कागद उशिरा आला. शाळेबरोबर आला, तलाठ्याच्या दप्तराबरोबर आला, वाण्याच्या पुडीतून आला. त्याआधी चित्राला भिंत होती, सोंगाच्या तोंडाला लाकूड होतं, जेवायला पान होतं. मग दोन-तीन पिढ्या कागदाने यातलं बरंचसं स्वतःच्या अंगावर घेतलं, आणि आता तोही बाजूला होतो आहे. भिंतीवरच्या चित्राला परंपरा म्हणून मान आहे. लाकडी मुखवट्याला संग्राहक आहेत. या दोन्हींच्या पुढे आणि आजच्या छापील, साच्यातल्या मालाच्या अलीकडे जे कागदी काम झालं, त्याची मोजदाद कोणी करत नाही, कारण ते पुरेसं जुनं नाही. ही यादी त्या मधल्या कामाची.

बोहाड्याचा कागदी मुखवटा. होळी झाल्यापासून पाऊस लागेपर्यंतच्या दिवसांत इथल्या गावांमधून बोहाडा, म्हणजे सोंगांचा उत्सव, होतो. रात्री संबळ आणि पिपाणी सुरू होते, टेंभे पेटतात, आणि गणपती, सारजा (सरस्वती) यांच्यामागून एकेक सोंग येत जातं. मारुती, नरसिंह, त्राटिका, वेताळ, भीम, बकासुर. शेवटी जगदंबा आणि महिषासुर. कोणतं सोंग कोणत्या घराने नाचवायचं हे बहुतेक ठिकाणी ठरलेलं असतं, बापाकडून मुलाकडे जातं. जुने मुखवटे लाकडाचे. ते डोक्याला बांधून नाचणं म्हणजे मानेची परीक्षा. लगद्याचा मुखवटा आल्यावर नाचही बदलला असणार असं मला वाटतं. तोंडावरचं ओझं कमी झालं की गिरकी जोरात घेता येते, मान झटकता येते.

करायची रीत अशी. चिकण माती मळून आधी चेहरा उभा करायचा. त्यावर पहिला थर नुसत्या पाण्यात भिजवलेल्या कागदाचा, खळ न लावता, म्हणजे तो मातीला धरत नाही. मग खळीत बुडवलेल्या तुकड्यांचे थर, एक आडवा, एक उभा. कातरीने कापलेला तुकडा चालत नाही, हाताने फाडलेलाच हवा. फाटक्या कडेचे तंतू शेजारच्या तुकड्यात मिसळतात आणि सांधा दिसत नाही. नाकाचा शेंडा, भुवया, गालाचा उंचवटा, सुळे हे सगळं कुटलेल्या लगद्याने भरायचं. लगद्यात मेथीचं पीठ घातलं तर तो चिवट होतो आणि कीडही लांब राहते. पुरता वाळला की आतली माती काढायची, खडूची भुकटी डिंकात कालवून भेगा बुजवायच्या, पॉलिश पेपरने घासायचं, पांढरा हात द्यायचा आणि मग रंग. हाताला काम थोडा वेळ असतं, वाळायला मात्र दिवस जातात. घाईने ओल्यावरच पुढचा थर चढवला तर आत बुरशी धरते आणि वर्ष-दोन वर्षांत मुखवटा पोकळ वाजू लागतो. जिथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथे हे काम उन्हाळ्यातच उरकावं लागतं.

जव्हारजवळ रामखिंडला हे काम करणारे हात अजून आहेत. पण भिंतीवर टांगायला म्हणून केलेला वीतभर मुखवटा निराळा आणि नाचणाऱ्याच्या कपाळाचं माप घेऊन केलेला निराळा. दुसऱ्याला आत कापडाची गादी लागते, बांधायला भोकं लागतात, श्वासाला आणि नजरेला वाट लागते. पुष्कळदा नाचणारा मुखवट्याच्या डोळ्यांतून पाहतच नाही, नाकपुड्यांखालून किंवा तोंडाच्या फटीतून पाहतो. ती फट कुठे आणि किती ठेवायची हे ज्याला कळतं, तो कारागीर गेला की मुखवटा शोभेचा होतो. शोभेची मागणी वाढते आहे, याचा मला आनंद होत नाही असं नाही. त्यावर घर चालतं. पण यादीत नोंद करायची ती त्या फटीची.

रावणाची दहा तोंडं. हे वेगळं लिहायला हवं. मधल्या तोंडामागे माणूस, बाकीची दोन्ही बाजूंना ओळीने, मागे बांबूच्या कामट्यांचा सांगाडा. कडेची तोंडं कमी थरांची ठेवावी लागतात, नाहीतर वळताना सगळा भार एकीकडे जातो आणि मान ओढली जाते. दहा तोंडं एका माणसाच्या खांद्यांवर पेलली जातात ती कागद आहे म्हणून.

रद्दी. लगद्याला लागतो तो वर्तमानपत्राचा साधा, खरखरीत कागद. रात्रभर भिजवला की हातात सुटतो. चकचकीत पुरवण्या, जाहिरातींचे कागद भिजवून पाहा, त्यांच्यावरचा लेप पाणी आत जाऊ देत नाही आणि कुटल्यावर पापुद्रे तसेच राहतात. बातम्या आता मोबाइलवर येतात. पाड्यावर वर्तमानपत्र पोचायला आधीच दोन दिवस लागत, आता ते मागवणारेही कमी झाले. कच्चा माल असा न बोलता संपतो.

खळ. मैद्याची किंवा तांदळाच्या पिठाची. पीठ आधी गार पाण्यात कालवून घ्यायचं आणि मग उकळत्या पाण्यात ओतत ढवळायचं, उलट केलं की गुठळ्या. पुस्तकबांधणीवाले तिच्यात चिमूटभर मोरचूद घालत, म्हणजे कसर लागत नाही. मोरचूद विषारी, म्हणून ते भांडं वेगळं. घरात पोस्टाचं पाकीट बंद करायचं असलं तर भाताची दोन शितं पुरत. फेव्हिकॉल खळीपेक्षा पक्का चिकटतो, यात वाद नाही. पण खळीने चिकटवलेलं भिजवून सोडवता येतं, चुकलेला थर काढून दुसरा देता येतो, जुना मुखवटा दुरुस्त करता येतो. शिकणाऱ्या पोराच्या हाताला ही सवलत फार मोठी असते.

गेरूच्या अस्तराचं भेटकार्ड. याच्या मागे वारली चित्राची भिंत आहे. कारवीच्या कुडावर शेणमातीचा लेप, त्यावर गेरू, त्यावर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, आणि टोक चावून कुंचला केलेली बांबूची काडी. लग्नघरात देवचौक लिहायच्या त्या सवाशिणी. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणू भागात आले आणि त्यांनी या हातांना कागद दिला. त्याआधी बिहारच्या १९६६-६७ च्या दुष्काळात हस्तकलांसाठी काम करणाऱ्या पुपुल जयकरांनी त्यांनाच मिथिलेत पाठवलं होतं, तिथल्या बायकांनाही भिंतीवरून कागदावर त्यांनीच आणलं. देशातल्या दोन मोठ्या भित्तिचित्रांना कागद देणारा माणूस एकच, आणि आपल्याकडे त्याचं नाव किती कमी घेतलं जातं. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे याच कागदावर मोठे झाले. १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार, २०११ साली पद्मश्री, २०१८ साली ते गेले. चौक बायकांचा होता, कागद मात्र बराचसा पुरुषांच्या हाती गेला. हेही याच यादीत लिहिलं पाहिजे, कारण भिंतीबरोबर त्या बायकांचं लिहिणंही मागे पडलं.

चित्रांमागोमाग कार्डं आली. चांगलं कार्ड करण्यात बारकावे पुष्कळ. हातकागद कातरीने कापायचा नाही. पट्टी ठेवून ओल्या कुंचल्याने पाण्याची रेघ ओढायची, कागद त्या रेघेवर मऊ पडला की हलक्या हाताने ओढून फाडायचा, मग कड जावळासारखी मऊ निघते. घडीची जागा शाई संपलेल्या बॉलपेनने आधी आखून घ्यायची, तशीच दुमडली तर जाड कागद फुटतो. गेरूत डिंक घालायचा. कमी पडला तर हाताला लाल लागतो, जास्त पडला तर घडीवर तडे जातात. पिठाचा पांढरा भिंतीवर टिकतो, पण कागद वाकला की त्याचे पापुद्रे निघतात. म्हणून पांढरा पोस्टर कलर आणि त्यात थोडा फेव्हिकॉल. माणसाचे दोन त्रिकोण टोकाला टोक लावून काढायचे, आणि तारपा नाचाचा फेर घडीवर येऊ द्यायचा नाही. हे सगळं करून एका कार्डाला अर्धा दिवस जाई. आता तोच फेर स्क्रीन प्रिंटने शेकड्यांनी निघतो आणि प्रत्येक माणसाचा पाय एकाच कोनात उचललेला असतो. हाताने काढलेल्या फेरात एखादा गडी मागे राहिलेला, एखादी बाई पुढे झुकलेली दिसते. कार्ड घेताना मी तेवढंच पाहतो.

हातकागद. याचं घर इथलं नाही. दौलताबादजवळचं कागजीपुरा, जुन्नर आणि पुणे ही त्याची गावं. जुन्नरी कागदावर मराठी राज्याची मोडी दप्तरं लिहिली गेली. पुण्यात १९४० साली गांधीजींच्या प्रेरणेने के. बी. जोशी यांनी हातकागद संस्था उभी केली. कापसाच्या चिंध्यांचा लगदा, पाण्याच्या टाकीत बुडवलेली जाळीची चौकट, उचलताना दोन्ही बाजूंना दिलेला हलका झोका म्हणजे तंतू सारखे बसतात. राज्यघटनेची हिंदी हस्तलिखित प्रत इथल्याच कागदावर आहे. जव्हारकडच्या कार्डाचा जाड, दाणेदार कागद याच कुळातला.

लग्नपत्रिकेच्या पाठीवरची अक्षरं. जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई-गुरुजी जुन्या लग्नपत्रिका जमवत. कोरी पाठ कापून तिच्यावर स्केचपेनने क, म, ल. मग घर, झाड, बैल. एका पत्रिकेतून चार कार्डं. पोरं ती जमिनीवर मांडून शब्द जुळवत. ज्या घरची बोली मराठीच्या पुस्तकापासून लांब आहे, त्या घरच्या मुलासाठी गुरुजींनी त्याच्याच बोलीतला शब्द कार्डावर लिहावा, ही सोय हाताने केलेल्या साहित्यातच होती. छापील संच सुबक येतो आणि सगळ्या जिल्ह्यांना एकच येतो.

शाळेचं हस्तलिखित. वर्षातून एकदा, ज्याचं अक्षर चांगलं त्याने लिहायचं, ज्याला चित्र येतं त्याने मुखपृष्ठ करायचं, मधोमध दाभणाने भोकं पाडून सुतळीने शिवायचं. प्रत एकच. ती कपाटात राही आणि पाहुणे आले की बाहेर निघे.

पताका, १५ ऑगस्टच्या. घोटीव कागदाचे त्रिकोण, सुतळी, खळ. दुसऱ्या दिवशी पावसाने रंग सुटलेला असायचाच.

बाशिंग. पुठ्ठा, बेगड, रंगीत कागदाची फुलं. नवरदेवाच्या कपाळाला एक दिवस.

वाण्याची पुडी. चहा, हळद, मीठ. तिरकी गुंडाळी, तळाची दुमड, वरचं टोक आत खोचलेलं, ना दोरा ना खळ. घरी पोचेपर्यंत सांडत नसे. ती उलगडून तिच्यावरची अर्धी बातमी वाचणं हे कित्येकांचं पहिलं वाचन. प्लॅस्टिकच्या पाकिटाने ती गेली. २०१८ साली राज्यात प्लॅस्टिकबंदी आली तेव्हा कागद परत आला, पण तयार पिशवीच्या रूपात. पुडी बांधणारी बोटं दुकानात उरली नव्हती.

मुखवट्याची आतली बाजू. बाहेरून रंगाचे हात वर्षावर वर्षं चढत जातात, त्यामुळे मुखवटा किती जुना ते पुढून कळत नाही. आतून मात्र पुष्कळदा रंग दिलेला नसतो. तिथे वर्तमानपत्राचे तुकडे उघडे दिसतात. कपाशीचे भाव, सिनेमाची जाहिरात, निवडणुकीची बातमी, नशीब असलं तर तारीख. तो तुकडा नंतरच्या दुरुस्तीचा नसेल, तर त्या तारखेच्या आधीचा तो मुखवटा असूच शकत नाही. लाकूड असं काही सांगत नाही, आजचं साच्यातलं फायबर तर नाहीच. तरीही जिथे जिथे हे मुखवटे मांडलेले दिसतात तिथे पाटीवर ‘आदिवासी मुखवटा, कागद’ एवढंच लिहिलेलं असतं. कोणाचं सोंग, कोणत्या गावचं, कोणी केलं, काही नाही. ज्यांच्या घरी, शाळेत किंवा मंडळाच्या खोलीत असा मुखवटा आहे, त्यांनी तो एकदा उलटा करून आत वाचावा, तारीख सापडली तर वहीत टिपावी. आणि आतच एका कोपऱ्यात शिसपेन्सिलीने करणाऱ्याचं, नाचवणाऱ्याचं आणि गावाचं नाव लिहावं. शाई ओलाव्याने पसरते, शिसपेन्सिल राहते.