हरायला कशाला जायचं?

परवा रात्री नातवाचा फोन आला. (त्याची दुपार, माझी झोपायची वेळ. पण नातवाच्या फोनला वेळकाळ नसतो, हे आज्यांना वेगळं सांगायला नको.) तो अमेरिकेत एका लहान गावातल्या कॉलेजात शिकतो आणि तिथल्या बँडमध्ये ढोल वाजवतो. इंजिनिअर व्हायला गेलेल्या मुलाने ढोल कशाला बडवायचा, असं मी एकदा विचारलं होतं. "आजी, मॅच फुकटात बघायला मिळते!" असं उत्तर आलं. असो.

तर बातमी अशी की, त्यांच्या कॉलेजचा फुटबॉलचा संघ दोन-तीन वर्षं बराच चांगला खेळतोय. आसपासच्या कॉलेजांना हरवतोय. म्हणून आता त्यांनी एका नामांकित युनिव्हर्सिटीशी सामना ठरवलाय. त्यांच्याच मैदानावर.

"मग जिंकाल का रे?"

"छे! बहुतेक सडकून मार खाणार," तो हसत म्हणाला.

"मग हरायला एवढ्या लांब कशाला जायचं?"

हे वाक्य माझ्या तोंडून निघालं आणि मी एकदम गप्पच झाले. कारण हेच वाक्य चाळीस वर्षांपूर्वी मी ऐकलं होतं, तेही दोनदा. आणि तेव्हा मला त्याचं उत्तर देता आलं नव्हतं. पण ते पुढे सांगते.

नातवाने मला तिकडची पद्धत समजावून सांगितली. (तो फुटबॉल म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायचा. पायाचा संबंध बेताचाच!) तिथे आपल्या गटातल्या कॉलेजांशी सामने खेळावेच लागतात. उरलेले तीन-चार सामने कोणाशी खेळायचे हे ज्याचं त्याने ठरवायचं, आणि तेही कित्येक वर्षं आधी. लहान कॉलेज मोठ्यांच्या मैदानावर गेलं तर मोठे त्यांना ठरलेली रक्कम देतात. ती लाखो डॉलरांत असते. बहुतेक वेळा लहान संघ हरतो, पैसे घेतो आणि घरी येतो. कधीतरी मात्र वेगळंच घडतं. नॉर्थ कॅरोलिनातल्या बून गावच्या ॲपलाचियन स्टेटचा संघ खालच्या श्रेणीत २००५ आणि २००६ असा दोन वर्षं अजिंक्य होता. १ सप्टेंबर २००७ ला तो मिशिगनला खेळायला गेला. मिशिगनचा देशात पाचवा क्रमांक, मैदानावर एक लाख नऊ हजारांवर माणसं, आणि पाहुण्यांना येण्याचे चार लाख डॉलर. पाहुणे ३४-३२ असे जिंकले! पुढे २०१४ पासून तो संघ वरच्या श्रेणीतच खेळू लागला.

"म्हणजे जिंकायची आशा असते तर!" मी म्हणाले.

"आशा नाही गं आजी. पण घरच्या घरी जिंकून काही कळत नाही ना."

फोन ठेवला आणि मला माझे वडील आठवले.

आमचे अण्णा प्रताप मिलमध्ये कामाला होते. त्यांना दोनच नाद, वर्तमानपत्र आणि कुस्ती. स्वतः फार लढले नाहीत, पण आसपासच्या गावांत यात्रेनंतर आम दंगल असली की अण्णा हजर. पुढे त्यांना लोक जोड लावायला बोलवू लागले. ज्यांनी दंगल पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. आखाड्यात पोरं लंगोट लावून उभी राहतात, आणि कोणाची कुस्ती कोणाशी लावायची हे जाणती माणसं ठरवतात. हेच जोड लावणं. त्यात नुसतं वजन आणि उंची बघून चालत नाही. तालमीत किती वर्षं आहे, वस्ताद कोण आहे, याआधी कोणाशी लढलाय, हे सगळं विचारावं लागतं. अण्णा म्हणायचे, तीन-चार कुस्त्या झटपट मारणाऱ्या पोराला पुन्हा हलकी जोड द्यायची नाही. तो बिघडतो. त्याला थोडा वरचढ गडी द्यायचा. पण थोडाच. फार वरचढ दिला तर पोरगं पुढच्या वर्षी आखाड्यात दिसत नाही.

मी मुलगी असल्याने आखाड्याजवळ कधी गेले नाही. हे सगळं ऐकलं ते घरात, चुलीजवळ बसून.

पुढे मी शिक्षिका झाले. मराठी शिकवायचे. शाळेत मुलींच्या खेळाकडे बघायला कोणी नव्हतं, म्हणून खो-खोचा संघ माझ्या गळ्यात पडला. मला नियम पुस्तकातून शिकावे लागले, पण मुली हुशार होत्या. शेतात आणि बोरीच्या वाळूत पळून पाय तयार झालेले. तालुक्यात आम्ही लागोपाठ दोन वर्षं जिंकलो. आणि दोन्ही वर्षी जिल्ह्याच्या पहिल्याच सामन्यात हरलो.

१९८४ चा ऑगस्ट. खाशाबा जाधव अपघातात गेल्याची बातमी पेपरात आली. अण्णा दिवसभर जेवले नाहीत. संध्याकाळी मला त्यांनी खाशाबांची सगळी कथा सांगितली. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मुलगा. लाल मातीत घडलेला. १९४८ साली लंडनच्या ऑलिम्पिकला गेला तेव्हा मॅटवर खेळायची सवयच नव्हती. तरी फ्लायवेट गटात सहावा आला. तिथे रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन मल्लाने त्याला मॅटवरचे बारकावे शिकवले. चार वर्षांनी हेलसिंकीला जायचं तर पैसे नाहीत. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. आणि १९५२ साली खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. (पुढचं मिळायला १९९६ साल उजाडलं, लिअँडर पेसचं.) कराडला शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली होती म्हणे.

"लंडनला हारला म्हणून हेलसिंकीला जिकला," अण्णा म्हणाले. मला तेवढंच ऐकायचं होतं. माझ्या डोक्यात लगेच खो-खो सुरू झाला.

त्याच आठवड्यात मी जळगावच्या एका तगड्या संघाच्या शिक्षिकेला पत्र टाकलं, "आमच्या मुलींशी सरावाचा सामना खेळाल का?" त्यांनी होकार कळवला. मुख्याध्यापकांची परवानगी मागायला गेले तर ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "बाई, हरायला एवढ्या लांब जायची काय गरज?" (हे ते वाक्य, पहिल्यांदा.) मी खाशाबांची गोष्ट सांगितली. ते हसले आणि सही केली.

रविवारी सकाळी पॅसेंजरने आम्ही निघालो. बारा मुली, एक बाई, भाकरीची गाठोडी. पोरींनी गाणी म्हणून डबा डोक्यावर घेतला होता.

सामना कसला, तो धडाच होता! त्या मुली खांबाजवळ अशा काही सूर मारायच्या की आमच्या पोरी नुसत्या बघत राहायच्या. आमच्या तुकडीत तीन-तीन मुली आत जायच्या आणि बघता बघता बाद व्हायच्या. आम्ही एक डाव राखून हरलो. तिथल्या बाई चांगल्या होत्या, त्यांनी मुलींना पोहे दिले. कोणाच्या घशाखाली उतरले नाहीत.

आता खरं सांगायची गोष्ट.

परतीच्या गाडीत मी मुलींजवळ बसले नाही. मी खिडकीशी बसले आणि बाहेर बघत राहिले. मला त्यांचा राग आला नव्हता. मला लाज वाटत होती. मुख्याध्यापकांना उद्या काय सांगू, एवढंच डोक्यात. आमची कॅप्टन नववीत होती, काटक, बोलकी पोरगी. ती दोनदा उठून माझ्याजवळ आली. "बाई..." एवढं म्हणाली. मी "बस जागेवर, पडशील" म्हणाले. अमळनेर येईपर्यंत कोणी गाणं म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून कॅप्टन सरावाला यायची बंद झाली. चार दिवसांनी मी तिच्या घरी गेले. गल्लीत पोरं तिला चिडवत होती म्हणे, जळगावला जाऊन नाक कापून आली म्हणून. वडील ओट्यावर बसले होते. मला बसायला सतरंजी टाकली, चहा दिला, आणि शांतपणे म्हणाले, "बाई, पोरले हाराले कसाले धाडू?"

(हे दुसऱ्यांदा.) मी खाशाबांची गोष्ट सुरू केली, पण ती त्या ओट्यावर काही चालेना. खरं तर मी त्यांच्याकडे आधी जायला हवं होतं. आपण कुठे चाललोय, कशासाठी चाललोय, हरलो तर ते का चालेल, हे मी मुलींना सांगितलं होतं. त्यांच्या घरी सांगितलं नव्हतं. आणि हरल्यावर तर मुलींनाही काही सांगितलं नव्हतं.

घरी येऊन अण्णांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "जोड चुकली नव्हती तुझी. पण जोड लावणारा कुस्ती सुटल्यावर आखाड्यातून जात नाही. हारला त्याच्याजवळ आधी जातो. पाठीवरची माती झाडतो. तू खिडकीत जाऊन बसली."

आणि मग खाशाबांच्या कथेतला राहिलेला भाग त्यांनी सांगितला. हेलसिंकीला जपानी मल्लाशी लांबलेली कुस्ती झाली, आणि दम खायलाही न देता खाशाबांना सोव्हिएत मल्लाशी उतरायला सांगितलं. मध्ये अर्धा तास विश्रांती द्यायचा नियम होता असं सांगतात. पण हे तिथे भांडून सांगायला आपला एकही अधिकारी जवळ नव्हता. घर गहाण टाकणारे खर्डेकर कोल्हापुरात, आणि हेलसिंकीच्या मॅटशेजारी कोणी नाही!

त्यानंतर आम्ही आणखी दोनदा बाहेर खेळायला गेलो, एकदा धुळ्याला आणि एकदा पुन्हा जळगावला. दोन्हीकडे हरलो. पण आता मी जाण्याआधी घरोघर जाऊन यायचे, आणि परतताना मुलींच्या मध्ये बसून कोण कुठे चुकलं, कोणाचं काय चांगलं झालं, हे बोलायचे. धुळ्याला डावाने हरलो नाही. दुसऱ्यांदा जळगावला तर फक्त तीन गुणांनी. त्या वर्षी जिल्ह्यात आम्ही उपांत्य फेरीपर्यंत पोचलो. शाळेत पेढे वाटले. कॅप्टन मात्र त्या संघात नव्हती. तिच्या वडिलांनी शेवटपर्यंत ऐकलं नाही, आणि पुढच्या वर्षी तिची शाळाही सुटली.

हे ओझं मी बरीच वर्षं वागवलं. पोरगी खेळातून गेली ती हरल्यामुळे नव्हे, माझ्यामुळे, असं वाटायचं. अजूनही थोडं वाटतं.

गेल्या वर्षी सखाराम महाराजांच्या यात्रेत बोरीच्या पात्रात फिरत होते. मागून हाक आली, "बाई!" वळून बघते तर तीच. पन्नाशी ओलांडलेली, हाताला धरलेली नात. पाया पडली. इकडचं तिकडचं बोलणं झालं, आणि मी धीर करून म्हणाले, "त्या दिवशी गाडीत मी तुझ्याशी बोलले नाही बघ."

तिला आठवेना! ती नातीकडे वळून म्हणाली, "या माझ्या बाई. मी जळगावच्या पोरींसमोर साडेतीन मिनिटं पळाली होती, ते यांनी नेलं होतं म्हणून." मग मला म्हणाली, "मी गाडीत तेच विचारायला आली होती. बाई, माझा वेळ किती झाला? मग दुसऱ्या पोरीने सांगितला."

साडेतीन मिनिटं! खो-खोमध्ये तगड्या संघासमोर साडेतीन मिनिटं नाबाद राहणं म्हणजे काय, हे खेळणाऱ्याला विचारा. गुणपत्रकात ते लिहिलेलं होतं. मी ते कधी वाचलंच नव्हतं. मी फक्त शेवटची ओळ वाचली होती.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला तेव्हा मी टीव्हीसमोरून हलले नाही. प्रियांका इंगळेच्या संघाने कप जिंकला, ऊर भरून आला. पण पहिल्याच सामन्यात आपल्या मुलींनी दक्षिण कोरियाला १७५-१८ असं हरवलं, तेव्हा माझं लक्ष त्या कोरियाच्या मुलींकडे होतं. आपला खेळ शिकायला त्या एवढ्या लांबून आल्या होत्या. वाटलं, यांच्या बाईंनी ते अठरा गुण कोणी कसे मिळवले हे नीट लिहून ठेवलं असेल ना?

तर मंडळी, हरायला कशाला जायचं याचं माझं उत्तर आता तयार आहे. जायचं. घरच्या मैदानावरच्या विजयाने जे कळत नाही ते कळायला जायचं. पण ज्याने नेलं त्याने परतीच्या गाडीत पोरांच्या मध्ये बसायचं. तेवढी तयारी नसेल तर नेऊ नये.

काल मीच नातवाला फोन केला. विचारलं, "तुमचा संघ फारच हरायला लागला तर तुमचा बँड काय करतो रे?"

तो म्हणाला, "शेवटपर्यंत वाजवतो आजी. निम्मे लोक उठून गेले तरी आम्हाला जाता येत नाही."

बरं वाटलं. ढोल वाजवण्याबद्दलची माझी तक्रार मी मागे घेतली आहे.