आबा पिकला

संपादकांनी 'मीमवर हलकंफुलकं लिहा' असं कळवलं. माझा धंदा अक्षररचनेचा, तेव्हा हलकंफुलकं कितपत जमेल कोण जाणे. त्यात उन्हाळ्यातलं एक प्रकरण अजून डोक्यातून जात नाही.

एका मिठाईवाल्यांना मीमच्या थाटाची जाहिरात हवी होती. 'आंबा पिकला, घरी न्या.' केशरी पार्श्वभूमीवर लाल अक्षरं. रंग त्यांच्या हट्टाचे. मी पीएनजी फाइल दिली. दुकानातल्या कुणीतरी घाईत स्क्रीनशॉट काढला, लहान केला आणि व्हॉट्सॲपवर सोडला. चार ग्रुप फिरून माझ्याकडे आला तेव्हा अनुस्वार गायब. 'आबा पिकला, घरी न्या.' संध्याकाळपर्यंत गावभर तोच.

सगळे म्हणाले, फॉन्ट खराब. फॉन्टचा काडीचा संबंध नाही! व्हॉट्सॲपवर चित्र जेपेग होऊन जातं, आणि जेपेग पद्धत चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडते आणि प्रत्येकातला बारीक तपशील आधी छाटते. शिवाय माणसाच्या डोळ्याला उजेडातला फरक जास्त कळतो, रंगातला कमी. म्हणून रंगाची माहिती बहुधा उभी-आडवी निम्म्यावर आणतात. लाल आणि केशरी यांच्या उजेडात अंतर थोडं, फरक मुख्यतः रंगाचा. तो पसरला की जाड काना तगतो, टिंब विरघळतं. पुन्हा सेव्ह केलं की पुन्हा छाटणी. रोमन लिपीत 'आय'वरचं टिंब गेलं तरी शब्द कळतो. आपल्याकडे आंब्याचा आबा होतो.

मीमचं जगप्रसिद्ध अक्षर म्हणजे इम्पॅक्ट. जेफ्री ली यांनी १९६५ साली केलेलं, ठसठशीत मथळ्यांसाठी. पुढे मायक्रोसॉफ्टने वेबसाठी फुकट दिलेल्या फॉन्टांत ते आलं आणि घरोघरी पोचलं. पांढरं अक्षर, काळी कडा. कुठल्याही फोटोवर वाचता येतं. त्यात देवनागरी नाही. आपल्या अक्षरांना वर मात्रा, रफार, खाली उकार. दोन ओळी इम्पॅक्टसारख्या चिकटवल्या की वरचा उकार खालच्या मात्रेत अडकतो. ऱ्हस्व वेलांटी तर संगणकात अक्षरानंतर साठवतात आणि अक्षराआधी दाखवतात. हे न कळणारं सॉफ्टवेअर तिला भलतीकडे टांगतं. 'दोन मिनिटांत मराठी टाकून द्या' म्हणणाऱ्यांना हे सांगायला गेलं की ते फोन बघू लागतात.

माझ्या हाताखालची मुलं मात्र म्हणतात, नीट मांडलेलं मीम जाहिरातीसारखं दिसतं, कुणी हसत नाही. मला हे पटत नाही, पण खोडताही येत नाही. 'अशी ही बनवाबनवी' हा चित्रपट १९८८ चा. वसंत सबनीसांचे संवाद, अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांचं अचूक टायमिंग. त्यातल्या सत्तर रुपयांच्या प्रसंगाचं धुरकट चित्र, खाली वेडीवाकडी अक्षरं, तरी हसू येतंच. सगळी मेहनत पडद्यावर आधीच झालेली. अक्षरांनी कितीही घाण केली तरी ती पुरून उरते.

असं चित्र आलं की मी ते तसंच पुढे ढकलत नाही. ओळ नव्याने टाइप करतो, कडा देतो, वेलांटी जागेवर आणतो, पीएनजी करून पाठवतो. तोवर ग्रुपवर भलताच विषय सुरू झालेला असतो.