परात

दिवाळी चार दिवसांवर आली की आमच्या माळ्यावरून एक पितळी परात खाली उतरते. तिचा तळ वाकडा आहे. जमिनीवर ठेवली की ती डुलते आणि पीठ मळणाराला एका पायाने दाबून धरावी लागते. चिंचेने कितीही घासली तरी मधला काळा डाग जात नाही. हिच्यातच आईने तीन पिढ्यांच्या शंकरपाळ्यांचे पीठ मळले.

१२ जुलै १९६१. बुधवार होता. सकाळी पानशेतचे मातीचे धरण फुटले, ते पाणी खडकवासल्यात उतरले आणि पुढे तेही धरण फुटले. आम्ही नारायण पेठेत राहत होतो. वडील कामासाठी मुंबईस गेलेले. वाड्याच्या दारात पाणी आले तेव्हा आई कणीक मळत होती. तिने धाकटीला कडेवर घेतले, कणकेची परात डोक्यावर ठेवली आणि मला म्हणाली, "पदर सोडू नकोस." मी सात वर्षांचा होतो. पर्वतीच्या १०३ पायऱ्या मी त्या पदराच्या टोकाने चढलो.

माहेरच्या पाटल्या ट्रंकेत राहिल्या. ट्रंक गेली, वाडाही गेला.

वडिलांनी पुढे जन्मभर थट्टा केली. "लोकांनी सोने उचलले, आमच्या हिने कणीक!" पाहुण्यांसमोर हा किस्सा रंगे. आईही हसायची. मी मात्र एकदा हसलो नाही. १९७२ साली इंजिनिअरिंगची फी जमेना, तेव्हा रागाने म्हणालो, "त्या दिवशी पाटल्या उचलल्या असत्यास तर आज ही वेळ आली नसती." आई काही बोलली नाही. माझ्या ताटात भात वाढून आत गेली. मी पुढे बँकेत लागलो, संसार झाला. ते वाक्य मात्र परत घेता आले नाही. (घेता आले असते. घेतले नाही, हेच खरे.)

नातीचे आणि तिचे गूळपीठ जमले. आजीजवळ कधीही संपणार नाही एवढा वेळ असे. आमच्या लहानपणी तो कुठे होता, देव जाणे! एका दिवाळीत पीठ मळता मळता माझ्या मुलीने विचारले, "आजी, पण त्या कणकेचे केलेस काय?"

इतक्या वर्षांत हे आम्ही कुणी विचारलेच नव्हते.

"काय करणार? पोळपाट नाही, तवा नाही. कणीक पदरात काढली, तीन दगड मांडले, परात पालथी घातली आणि तिच्यावरच थापून भाजल्या. ओल्या काटक्या, नुसता धूर! तेव्हाच वाकली ही."

"किती झाल्या?"

"नऊ. खाणारी तोंडे बावीस. कुणाकुणाची पोरे होती, नावेसुद्धा ठाऊक नव्हती. सगळ्यांना तुकडा तुकडा दिला." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझ्या बाबाला मात्र एक अख्खी दिली. पदराआड धरून. पाप लागले असेल तर लागो."

मी दारात उभा होतो. मला ती पोळी आठवली. तिला धुराचा वास होता. आणि सगळ्यांना तशीच एकेक मिळाली असेल असे मी त्या दिवशी समजलो होतो.

"आई," मी म्हणालो.

"अरे, उभा काय राहिलास? पीठ घट्ट झालेय. जरा दूध आण."

मी दूध आणायला गेलो.